काठाचा लाल दोरा

इंटरनेटवर चादरी, पडदे, टेबलावरची कापडं विकणाऱ्यांच्या पानांवर एक वाक्य आजही सापडतं. शब्द थोडे इकडचे तिकडे झालेत, पण मी ते ओळखते. मूळ इंग्रजीत आहे. मराठीत सांगायचं तर असं: "विणीत कुठे एखादी गाठ किंवा जाडसर धागा दिसला, तर तो दोष समजू नये. ज्या हाताने हे कापड विणलं, त्या हाताची ती सही आहे."

हे वाक्य मी लिहिलं. इंदूरला विजय नगरमध्ये, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. माझ्याआधी कुणी तसं लिहिलं असेल तर मला ठाऊक नाही, मी कुणाचं पाहून लिहिलं नव्हतं. त्यात दोन गोष्टी खोट्या होत्या. ते कापड हाताने विणलेलं नव्हतं, आणि ती गाठ दोषच होती. आणि हे मला न कळायचं काही कारण नव्हतं. मी दोष शोधणाऱ्याच्या घरात वाढले.

बाबा इंदुरातल्याच परदेशीपुऱ्याकडच्या एका कापड मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. मिलमध्ये मागाला साचा म्हणत, आणि मागावरच्या कामगाराला साचेवाला. साच्यावरून उतरलेलं कापड शेवटी बाबांच्या खात्यात यायचं. तिरप्या टेबलावरून ते ओढत न्यायचं, डोळ्यांनी आणि बोटांनी तपासायचं, मग ताग्याची घडी घालायची. तपासताना जिथे दोष सापडेल तिथे काठाला लाल दोरा ओवून गाठ मारायची. दोष कापडाच्या मधोमध असला तरी दोरा काठालाच. घडी घातली की मधलं कापड आत जातं, काठ तेवढा बाहेर राहतो. घेणाऱ्याने तागा न उघडता नुसता काठ पाहिला की त्याला कळायचं, यात तीन जागी खोट आहे. घ्यायचं तर घे, नाही तर पुढचा तागा बघ.

"आपलं काम विकायचं नाही, आपलं काम सांगायचं," असं बाबा म्हणायचे. यापेक्षा लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून फार वेळा ऐकलेलं नाही.

मिलमधून कामगारांना उरलेले तुकडे स्वस्तात मिळत. सुटीच्या दिवशी बाबा असा एखादा तुकडा मांडीवर पसरायचे, मला डोळे मिटायला सांगायचे आणि माझं बोट धरून कापडावरून फिरवायचे. "सांग, कुठे आहे?" ही गाठ. हा जाड धागा. इथे उभा धागा तुटलाय, रेघ पडलीय. इथे वीण सुटलीय, बोट आत जातंय. बारा वर्षांची होईपर्यंत मी बाबांच्या बरोबरीने सांगू लागले होते. दुसऱ्या मुली तेव्हा काय शिकत होत्या मला माहीत नाही. मी हे शिकत होते.

बाबा साचेवाल्यांना आवडत नसत, हेही सांगायला हवं. दोरा बांधला गेला की त्या साचेवाल्याला दंड लागायचा. सूत खराब आलं म्हणून गाठ पडो, नाही तर साचा जुना म्हणून वीण सुटो, दंड साचेवाल्यालाच. बाबांना हे माहीत होतं. तरी ते दोरा बांधायचे. "गाठ आहे तर आहे. का पडली ते वरच्यांनी बघावं." वरच्यांनी कधी बघितलं नाही. गल्लीत बाबांचं नाव 'दोरेवाले बाबू' पडलं होतं, आणि ते प्रेमाने पडलेलं नव्हतं.

आमच्यापासून चार घरं सोडून एक साचेवाले काका राहायचे. आमच्यासारखेच मराठी, पण दोन पिढ्या इंदुरात, त्यामुळे अर्धं वाक्य मराठी तर अर्धं हिंदी. बाबांच्या दोऱ्यामुळे त्यांना जितका दंड बसला तितका गल्लीत दुसऱ्या कुणाला बसला नसेल. एका रंगपंचमीला त्यांनी रंग लावायच्या निमित्ताने बाबांना मिठी मारली आणि सगळ्यांच्या देखत बाबांच्या सदऱ्याच्या टोकाला लाल दोरा बांधला. "घ्या बाबूजी, आज मैंने चेक कर दिया. माल ठीक है, बस कॉलर थोडी टाइट है." गल्ली हसली. बाबाही हसले, पण घरी येऊन तो दोरा त्यांनी सोडला नाही, कात्रीने कापला.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मिलच्या फाटकावर एक कागद लागला. बी.कॉम. करत होते, सरकारी कॉलेज. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे सांगताना लोकांची अपेक्षा असते की मी नम्रपणे सांगावं. मी नम्रपणे सांगत नाही. वेगळ्या खोलीशिवाय, क्लासशिवाय, शेजारच्या भांडणांमध्ये बसून मी शिकले आहे.

कागद इंग्रजीत होता. हिंदीतला लागेल तेव्हा लागेल. फाटकापाशी दीड-दोनशे माणसं उभी, आणि कुणालाच नीट कळेना. कुणी म्हणे आठ दिवस सुट्टी, कुणी म्हणे मशिनरी बदलणार. तेवढ्यात साचेवाले काका ओरडले, "अरे दोरेवाले की लड़की कॉलेज में है, उसको बुलाओ!" मला घरून बोलावलं. आई मागोमाग आली. मी कागदापुढे उभी राहिले, मनात एकदा वाचला. आईने माझा चेहरा पाहिला आणि दंडाला चिमटा काढून कानात म्हणाली, "थोडे दिवस बंद आहे म्हण."

बाबा दोन हात अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकलं. म्हणाले, "जे लिहिलंय तेच वाच."

मी वाचलं. पुढचा आदेश येईपर्यंत काम बंद, कुठल्याही कामगाराला आत सोडलं जाणार नाही. एकेक ओळ इंग्रजीत, मग हिंदीत. मी एकही शब्द गाळला नाही. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. परत जाताना साचेवाले काका बाबांना म्हणाले, "पोरीनं एक शब्द गोड नाही केला हो. तुमच्यावर गेलीय." त्या दिवशी बाबांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते माझ्या पदवीच्या दिवशीही पाहिलं नाही. नोकरी गेली होती आणि माणूस लेकीकडे बघून मान ताठ करत होता.

पुढचा आदेश कधी आला नाही. मिल गेली ती गेली. ज्यांनी ती घालवली त्यांच्या काठाला कुणी दोरा बांधला नाही, हे माझं म्हणणं, बाबांचं नाही. बाबा मिलबद्दल वाईट बोलत नसत. त्यांना कापड मार्केटमध्ये एका दुकानात काम मिळालं. तिथे तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एका बाईला सूटचं कापड दाखवताना स्वतःहून उलगडून दाखवलं, "यहाँ देखिए बहनजी, यहाँ धागा टूटा है." शेठने संध्याकाळी हात जोडले. "बाबूजी, आप घर पे आराम करो." साचेवाले काकांनी टेंपो चालवला, भाजी विकली, आणि पुढे विजय नगरच्या मॉलमध्ये गणवेश घालून गाड्यांना शिट्ट्या मारत उभे राहिले.

या सगळ्यात माझं घरातलं काम ठरून गेलं होतं. इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे. मिलचं पत्र, कोर्टाचा कागद, औषधाची पट्टी, कुकरसोबत आलेलं पुस्तक, काहीही. बाबा समोर बसत, डोळे मिटत, आणि मी वाचत असे. कापड तपासताना बोटं फिरवत तसे ते ऐकत. कधी विचारलं नाही, "नक्की असंच आहे ना?" गल्लीतले लोकही कागद घेऊन येत. मी वाचलं की ते पक्कं. एवढी एकच इस्टेट आमच्या घरात होती असं म्हटलं तरी चालेल.

लग्न जमलं नाही, त्याचा मी शोक केला नाही. शिकवण्या केल्या, खाजगी ऑफिसांमध्ये टायपिंग केलं, कम्प्युटर शिकले. आणि चाळिशीला टेकले असताना विजय नगरच्या त्या ऑफिसात लागले. इंटरनेटवर चादरी विकण्याचा धंदा. तेव्हा इंदुरात तो नवा होता. मालक माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, शिकलेला, बोलायला गोड. आम्ही त्याला सर म्हणायचो, तो मला दीदी. माझं काम दुहेरी होतं. कम्प्युटरवर प्रत्येक चादरीखाली इंग्रजीत वर्णन लिहायचं, आणि तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं.

बाबांना काय आनंद! त्यांना कम्प्युटर कळत नव्हता, पण कापड कळत होतं. "कापडाचंच काम आहे," ते गल्लीत सांगत फिरायचे. "आमची लिहिते आणि सगळ्या देशातले लोक वाचून कापड घेतात. हात न लावता!" यातलं 'हात न लावता' ते दोनदा म्हणायचे. हात न लावता कापड घ्यायचं तर सांगणारा किती खरा असला पाहिजे, असा त्यांचा हिशोब होता.

माल बाहेरगावच्या यंत्रमागांवरून यायचा, आणि तो बहुतेक सेकंडचा असायचा, म्हणजे तपासणीत नापास झालेला. एक चांगली चादर निवडून तिचा फोटो काढलेला, आणि त्या एका फोटोवर शेकडो विकलेल्या. पहिल्याच आठवड्यात मी गोदामात गेले आणि सवयीने चार चादरींवरून बोट फिरवलं. चारही खोटीच्या. वर येऊन सरांना विचारलं, "सर, वर्णनात सेकंड लिहायचं ना?"

"दीदी, वो शब्द कहीं मत लिखना."

"पण आहे ना सेकंड."

"तो हम कहाँ बोल रहे हैं कि फर्स्ट है? झूठ थोड़ी बोल रहे हैं. बस बोल नहीं रहे."

मला हे पटलं. आज कुणी विचारलं तर मी म्हणू शकते की नोकरीची गरज होती, घरी दोन म्हातारी माणसं होती. गरज होतीच. पण पटलंही होतं. न बोलणं म्हणजे खोटं नव्हे, हे इंग्रजी शिकलेल्या माणसाला चटकन पटतं.

मग परतीचा माल वाढायला लागला. तक्रारींचे फोन. एकदा कुठल्याशा लांबच्या गावातून एका बाईंचा फोन आला, बोलण्यावरून शिक्षिका वाटत होत्या. चादरीत गाठी आहेत म्हणाल्या, मधे एक जागा विरळ आहे. दिवसातला विसावा फोन असेल तो. मी थकले होते, चिडले होते, आणि तोंडातून निघून गेलं, "मॅडम, वो डिफेक्ट नहीं है. हैंडमेड कपड़े में वही तो पहचान होती है."

त्या म्हणाल्या, "ओह, सॉरी. मुझे पता नहीं था."

त्यांनी माझी माफी मागितली. आणि मला, खरं सांगते, शरम नाही वाटली. मजा वाटली. मिलमजुराची पोरगी, आणि एक शिकली-सवरलेली बाई तिला सॉरी म्हणतेय, कारण तिला कापडातलं कळत नाही आणि मला कळतं. मी फोन ठेवला आणि ते वाक्य लिहून काढलं. बाबांनी बोट धरून शिकवलेल्या एकेका दोषाचं नाव मला ठाऊक होतं, म्हणून एकेकाला बरोबर कौतुकाचा शब्द सापडला. न शिकलेल्याला हे जमलं नसतं.

परत येणारा माल कमी झाला. सर खूश. त्यांनी कचोऱ्या मागवल्या, ऑफिसभर इंदुरी थाटात ओरडले, "दीदी ने तो कमाल कर दिया भिया!" ते वाक्य सुंदर जाड कागदावर छापलं गेलं आणि प्रत्येक पाकिटात एक कार्ड जाऊ लागलं. मी एक कार्ड घरी आणलं. बाबांनी ते बोटांनी चाचपलं. "कागद चांगलाय," म्हणाले. काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बस, बोलले नाही.

साचेवाले काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं ते इंदुरातच, अन्नपूर्णा भागात, एका नोकरदार घरात. ती माणसं मिलवाल्यांपेक्षा स्वतःला दोन पायऱ्या वर समजणारी. एका रविवारी काका आमच्याकडे आले. आता म्हातारे झाले होते, मॉलच्या गणवेशाची सदरा-पँट घरीही वापरत. म्हणाले, "बेटा, व्याह्यांना द्यायला चार चादरी हव्यात. मार्केटमध्ये जाऊ शकतो, पण तू लिहितेस ना कम्प्युटरवर? मग तुझ्याकडूनच. घर की बात है."

बाबा खाटेवर बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना माणसं धूसर दिसायची, पण मान काकांच्या दिशेला होती. इतक्या वर्षांनी हा माणूस त्यांच्या दारात विश्वासाने आला होता.

मी काय म्हणायला हवं होतं ते उघड आहे. काका, मार्केटमधून घ्या. सहा शब्दही लागले नसते. पण मग बाबांनी विचारलं असतं, का? म्हणून मी म्हणाले, "देते ना काका."

मला वाटलं, गोदामात जाऊन चार चांगल्या निवडून काढू. ज्या दिवशी काकांना चादरी द्यायच्या त्या दिवशी मी गोदामात गेलेही. चार बंद पाकिटं समोर होती, चंदेरी फीत बांधलेली. त्यातलं एक उघडलं असतं, बोट फिरवलं असतं, तर दोरा बांधायची वेळ आली असती, आणि एकदा बांधायला घेतला तर कुठपर्यंत बांधणार? मी पाकिटं तशीच उचलली. काकांना देताना वर सांगितलं, "काका, फीत सोडू नका. आहेरात असंच द्या, शोभून दिसतं."

लग्नाला मी होते. आहेराच्या वेळी मुलाच्या आत्याने एक पाकीट तिथेच उघडलं. तशी वाईट नव्हती बाई, कौतुकाने उघडलं. चादर उलगडली, दोन बायकांनी टोकं धरली, आणि मधल्या विरळ जागेतून हॉलचा दिवा दिसला. आत्या एवढंच म्हणाली, "मिल के लोगों को तो कपड़े की बड़ी परख होती है, सुना था." हसून म्हणाली. काकांनी चादर घेतली, चार घड्या घातल्या, आणि "पॅकिंग में गलती हुई है," म्हणून बगलेत मारली. आयुष्यभर कापड विणलेला माणूस. त्याच्याजवळ मिरवायला तेवढंच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी जेवायला थांबले नाही.

लग्नानंतरच्या रविवारी सकाळी ते आले. बाबा खाटेवर, आई गव्हातले खडे निवडत, मी केस विंचरत होते. काकांनी चादर बाबांच्या मांडीवर ठेवली. घडी व्यवस्थित होती, मिलमधल्यासारखी. आणि काठाला लाल दोरे होते. लग्नातली नाडाछडी उरली असेल, तिचे तुकडे. एकापुढे एक, सारख्या गाठी मारलेल्या, बरोबर बाबा मारायचे तशा.

बाबांना दिसत नव्हतं. त्यांचा अंगठा काठावर गेला आणि थांबला. मग पुढे सरकला. पुन्हा थांबला. सगळा काठ त्यांनी तसा चाचपला.

"कुणी बांधले?"

"मैंने," काका म्हणाले. "तुमच्याकडूनच शिकलो. इतक्या वर्षांत खऱ्या दोषाला आज पहिल्यांदा बांधले."

"कापड कुठलं?"

उत्तराची वाट न बघता बाबांची मान माझ्या दिशेला वळली. त्यांनी घडी उलगडली, चादर मांडीवर ओढत ओढत बोटं फिरवायला लागले. घाई केली नाही. मिल सुटून वीसहून जास्त वर्षं झाली असतील, पण हात तसाच चालत होता. शेवटच्या टोकाजवळ बोट अडलं. मागे आलं, पुन्हा गेलं.

"दोरा आण," आईला म्हणाले. आईने शिवणाच्या डब्यातून लाल दोरा दिला. बाबांनी न पाहता काठ शोधला, ओवला, गाठ मारली. "हा राहिला होता तुमच्याकडून," काकांना म्हणाले.

मला वाटलं आता काका हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून ते कार्ड काढलं. "यह भी निकला है अंदर से. इंग्रजीत आहे. म्हटलं, वाचणारी तर इथेच आहे."

आई घाईने म्हणाली, "अहो, नोकरी आहे तिची, मालक सांगेल ते..."

"वाच," बाबा म्हणाले. "जे लिहिलंय तेच वाच."

मी वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. दोष समजू नये. ज्या हाताने हे कापड विणलं, त्या हाताची ती सही आहे. यावेळीही मी शब्द गाळला नाही. गाळून उपयोग नव्हता.

काकांनी आपले दोन्ही हात समोर धरले आणि उलटे-सुलटे करून पाहिले.

"सही?" ते म्हणाले. "म्हणजे मी वीस-बावीस वर्षं सह्या करत होतो? और बाबूजी, आप उस पे दंड लगवाते थे?" मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "बेटा, तू तेव्हा फोल्डिंगमध्ये असतीस ना, तर माझी पोरं आरामात वाढली असती."

बाबांनी हात जोडले. मी माझ्या बापाला कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं, मिलच्या फाटकावरही नाही. पण ते कशासाठी जोडले ते मला आजही पक्कं सांगता येत नाही. माझ्यासाठी, की त्या सगळ्या जुन्या दोऱ्यांसाठी. काकांनी त्यांचे हात धरून खाली केले आणि गेले. चादर आमच्याकडेच राहिली.

बाबा मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी भांडले असते, माझ्याकडे मुद्दे होते. तुमच्या खरेपणाने काकांच्या पोरांची फी गेली, हा एक मुद्दा होता. तुमच्या खरेपणाने मिल वाचली का, हा दुसरा. मी सगळे जुळवून बसले होते. त्यांनी मला बोलायची संधीच दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हणाले, ते वाक्य काढा. सर म्हणाले, "दीदी, अब तो दूसरे सेलर भी कॉपी कर रहे हैं. हम निकाल भी दें तो क्या? आप इतना दिल पे मत लो." मी माझ्या हाताने ते पानांवरून काढलं. चार दिवसांनी शेजारच्या टेबलावरच्या मुलीने सरांच्या सांगण्यावरून परत टाकलं. मी नोकरी सोडली, असं इथे लिहिता आलं असतं, वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. मी सोडली नाही. धंदा त्याच्या मरणाने मेला तोवर मी तिथेच होते, आणि रोज काहीबाही लिहीत होते. ते एक वाक्य सोडून दुसरी लिहीत होते, इतकाच फरक.

घरात काही महिने मला काही बदललेलं कळलंच नाही. कागद अजून माझ्याकडे येत होते. बाबा समोर बसत, डोळे मिटत, मी वाचत असे, ते "हं" म्हणत. मग एकदा डोळ्यांच्या थेंबांसोबतचा कागद मी वाचून दाखवला, दिवसातून तीनदा, जेवणाशी संबंध नाही. बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला, चपला घातल्या, भिंत धरत धरत गल्लीच्या तोंडाशी असलेल्या औषधाच्या दुकानात गेले. मी मागून गेले होते, ते पडू नयेत म्हणून. त्यांनी कागद काउंटरवर ठेवला. "भिया, जरा पढ़ के बताना." दुकानदाराने वाचलं. दिवसातून तीनदा, जेवणाशी संबंध नाही. बाबा "हं" म्हणाले. मी दाराआड उभी होते. त्यांना दिसले नाही, किंवा दिसले असेन.

त्यानंतर मी पाहत गेले. विजेच्या कंपनीचं पत्र, बँकेचा कागद. माझ्याकडून ऐकायचे, आणि मग दुसरीकडे. मला कधी काही म्हणाले नाहीत. माझं मन दुखू नये म्हणून आधी माझ्याकडे आणत असावेत, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

शेवटी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात सिस्टरने संमतीचा फॉर्म दिला. दोन पानं, बारीक इंग्रजी. बाबा खुर्चीवर, मी शेजारी. सवयीने मी हात पुढे केला. बाबांनी फॉर्म माझ्या हातात दिला नाही. सिस्टरच्या दिशेला धरला.

"सिस्टर, आप पढ़ के सुना दो."

ती घाईत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, आपकी बेटी पढ़ी-लिखी है ना? वही पढ़ देगी."

"हाँ, पढ़ी-लिखी तो है," बाबा म्हणाले, आणि कागद तिच्याचपुढे धरून बसले.